डिझेल १० रुपयांनी वाढलं तर कॅरॅव्हॅनची ट्रिप नेमकी किती महाग होते?

पंपावरचे दर वाढल्याची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न एकच, आता कोकणाचं काय करायचं? कोणी म्हणतं कॅन्सल करा, कोणी म्हणतं कॅरॅव्हॅन नको, आपली कारच बरी, आणि मोठे काका म्हणतात पुढच्या वर्षी बघू. आणि खरं सांगते, यातल्या कोणीच कागद-पेन घेऊन बसलेलं नसतं. मी दोनदा बसलेय, एकदा ट्रिपच्या आधी आणि एकदा ट्रिप झाल्यावर बिल हातात घेऊन, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. दर वाढल्याने ट्रिप आपल्याला वाटतं तेवढी महाग होत नाही, महाग होते ती किलोमीटरमुळे, उभ्या गाडीतल्या एसीमुळे आणि न वाचलेल्या कॉन्ट्रॅक्टमुळे. कसं ते पहिल्यापासून सांगते.

आधी कॅरॅव्हॅन म्हणजे कुठली गाडी ते ठरवू

परदेशातल्या व्हिडिओत कारच्या मागे जोडलेलं चाकांवरचं घर दिसतं, आपल्याकडे तसं क्वचितच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात ट्रेलरचे प्रकारही आहेत, पण पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते ती बहुतेक ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीवर बांधलेली. आत चार-सहा जणांचे बेड, छोटा ओटा, टॉयलेट, पाण्याची टाकी, वर एसी. बरोबर ड्रायव्हर येतो. अशी गाडी लिटरला साधारण १० किलोमीटर देते, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅव्हरेज म्हणतो ते १०. पुढचा सगळा हिशेब यावरच उभा आहे म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

पंपावरचा दर बनतो कसा

मार्केट यार्डात शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचं बिल, पाहिली असेल तर हे लगेच कळेल. पट्टीत हमाली असते ती पोत्यामागे ठरलेली, कांदा १० रुपये किलो असो की ४०, पोतं उचलायचे पैसे तेवढेच. आणि खरेदीदाराला लागणारी अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, असते ती टक्क्यांत, माल महाग विकला की अडत आपोआप जास्त. डिझेलवर पण असेच दोन कर आहेत. केंद्राची एक्साइज ही हमालीसारखी, लिटरमागे ठरलेले रुपये. राज्याचा व्हॅट हा अडतीसारखा, महाराष्ट्रात डिझेलवर २१ टक्के. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीत म्हणून प्रत्येक राज्याचा दर वेगळा.

आता समजा कराआधीची किंमत लिटरला १० रुपयांनी वाढली. पंपावर १० नाही वाढत, १२ रुपये १० पैसे वाढतात, कारण वरच्या १० वर पण २१ टक्के लागतात. बातमीत ऐकलेला आकडा आणि आपल्या पावतीवरचा आकडा जुळत नाही तो यामुळे.

मुळात ही वाढ येते कुठून? क्रूड, म्हणजे जमिनीतून निघालेलं कच्चं तेल, आपल्या गरजेतलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून घेतो आणि पैसे डॉलरमध्ये मोजतो. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर बॅरल १ डॉलरने वाढलं की लिटरमागे साधारण ५३ पैसे पडतात, १० डॉलरने वाढलं तर सव्वापाच रुपये, वर व्हॅट. आणि कुठे काही युद्ध-बिद्ध नसताना नुसता रुपया घसरला तरी चटका बसतो. ८० डॉलरचं बॅरल तेच, पण डॉलर ८५ चा ९० झाला की लिटरमागे अडीच रुपये गेले.

मग दर रोज का हलत नाही?

कागदावर तर हलायला पाहिजे. डिझेलचा दर सरकारने ठरवणं ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झालं आणि जून २०१७ पासून रोज सकाळी ६ वाजता नवा दर लागू अशी पद्धत आली. पण प्रत्यक्षात दर महिनोन्महिने जागचा हलत नाही आणि मग एकदम धावतो. २०२१ च्या दिवाळीत एक्साइज कमी झाली, त्यानंतर जवळपास साडेचार महिने तेल कंपन्यांनी दराला हातच लावला नाही, मधे रशिया-युक्रेन युद्ध सुरू होऊन क्रूड १०० डॉलरच्या वर गेलं तरी नाही. आणि मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या १६ दिवसांत १४ वेळा वाढ, एकूण लिटरला १० रुपये. मुंबईत डिझेल ९४ वरून १०४ रुपये ७७ पैशांवर गेलं, पेट्रोल १२० च्या वर. पुढे २१ मेच्या संध्याकाळी एक्साइज कपातीची घोषणा झाली आणि मुंबईतलं डिझेल ९७ वर आलं, जुलैत राज्याने व्हॅट कमी केला तेव्हा ९४.

म्हणजे ट्रिप ठरवणाऱ्याच्या दृष्टीने बघा, धोका हळूहळू वाढीचा नाही, बुकिंग आणि प्रवास यांच्या मधल्या महिन्यात एकदम उडी बसण्याचा आहे. आमचं तेच झालं.

आमची एप्रिल २०२२ ची ट्रिप

१४ एप्रिलला आंबेडकर जयंती गुरुवारी, १५ ला गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार, बुधवारची एक रजा टाकली की पाच दिवस. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी बुक केली, दिवसाला मिनिमम २५० किलोमीटर (कमी फिरलात तरी तेवढ्याचे पैसे), किलोमीटरला ३२ रुपये, डिझेल आणि ड्रायव्हर त्यांचा, टोल-पार्किंग आपलं. पाच दिवसांचे १,२५० किलोमीटर म्हणजे ४०,००० रुपये. तेव्हा पुण्यात डिझेल ९३ च्या आसपास होतं. निघायच्या दोन दिवस आधी गाडीवाल्याचा फोन आला, "मॅडम, डिझेल १०३ झालंय, किलोमीटरला ३ रुपये वाढवून द्यावे लागतील." म्हणजे ३,७५० रुपये जास्त.

पहिल्यांदा तर मी हो म्हणणारच होते, १० रुपये वाढलेत म्हणजे ३ रुपये मागतोय, बरोबरच असेल असं वाटलं. मग नवरा म्हणाला, अगं भागून तर बघ. लिटरला १० रुपये वाढले, गाडी लिटरला १० किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला वाढ किती? १ रुपया. शिवाय आम्ही फिरणार होतो हजारेक किलोमीटर, १,२५० नाही, आणि न फिरलेल्या किलोमीटरला डिझेल जळतच नाही. मी फोन करून हे सगळं शांतपणे सांगितलं. त्यांनीही त्यांची बाजू सांगितली, गाडी त्यांच्या गॅरेजपासून आमच्या घरापर्यंत आणि परत रिकामी येते-जाते, घाटात अ‍ॅव्हरेज पडतं. ते पण खरंच होतं. शेवटी १,५०० वर मिटलं, कोणाचं मन दुखलं नाही.

ड्रायव्हर काकांना मी पहिल्याच दिवशी चहाला विचारलं की खरं अ‍ॅव्हरेज किती धरू. ते म्हणाले, "ताई, सपाटीला अकरा देते, घाटात सात. तुम्ही नऊ धरा, म्हणजे चुकणार नाही."

आता सोपं गणित, एकदाच पाठ करा

अ‍ॅव्हरेज १० असेल तर डिझेल १ रुपयाने वाढलं की किलोमीटरला १० पैसे जास्त. हजार किलोमीटरला १०० रुपये. बास. ५ रुपये वाढले, ५०० रुपये. १० रुपये वाढले, १,००० रुपये. काकांचं नऊ धरलं तर ते १,००० चे ११०० होतात, बाकी काही नाही.

पाच दिवस, सहा माणसं, गाडीचं भाडं, खाणंपिणं, टोल, फेरीबोट, सगळं मिळून ६०-६५ हजारांची ट्रिप असेल तर १० रुपयांच्या वाढीचे हजार-अकराशे म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. माणशी दोनशे रुपये पण नाहीत. यासाठी आजीची कोकणात जायची इच्छा पुढच्या वर्षावर टाकू नका, एवढं मला कळकळीने सांगायचंय.

पण सगळंच महाग झालेलं दिसतं, ते काय मग?

हा प्रश्न बरोबर आहे. डिझेल फक्त आपल्या टाकीत नसतं. हर्णैच्या बंदरात येणारी मासळी डिझेलच्या बोटीतून येते, घाटावरून कोकणात उतरणारी भाजी डिझेलच्या टेम्पोतून. त्यामुळे थाळीचा दर थोडा चढतो, आणि एकदा छापलेला मेन्यू डिझेल उतरलं म्हणून कोणी परत छापत नाही. ही वाढ हळू येते आणि मुक्कामाला राहते. पण ही वाढ तुम्ही कॅरॅव्हॅनने गेलात, एसटीने गेलात की घरी बसलात तरी द्यायचीच आहे, ती कॅरॅव्हॅनच्या नावावर लिहू नका. उलट गाडीत ओटा आहे, बंदरावरून बांगडे घेऊन स्वतः तळले तर तिथे थोडं वाचतंच.

खरे पैसे जातात ते किलोमीटरमध्ये

आमचा रूट असा होता, पुणे, ताम्हिणीतून खाली दापोली, मग गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि गगनबावड्यावरून वर पुण्याला. पाच दिवसांत चार ठिकाणं. हजार किलोमीटर, १०० लिटर. हिशेबाला लिटरचा दर ९२ धरू, ९,२०० रुपये.

आता मालवण काढा. फक्त मालवण गेलं की तिकडे जायचं आणि तिथून परत यायचं लांबचं अंतर जातं. त्यापेक्षाही पुढे जाऊन एकट्या गुहागरला तीन रात्री राहा आणि आजूबाजूला हेदवी, वेळणेश्वर असं फिरा, तर जाऊन-येऊन-फिरून ६०० किलोमीटरमध्ये बसतं. ६० लिटर. डिझेल ९२ वरून १०२ झालं असं धरलं तरी ६,१२० रुपये. म्हणजे महाग डिझेलमधली ही ट्रिप स्वस्त डिझेलमधल्या आधीच्या ट्रिपपेक्षा तीन हजारांनी स्वस्त. आणि मुलं रोज सकाळी पॅकिंग करायच्या ऐवजी समुद्रावर असतात. आम्ही ज्या दिवशी मालवणला पोचलो त्या दिवशी सगळे इतके थकले होते की किल्ल्यावर जायची बोट पण आम्ही घेतली नाही, हे मला अजून लागतं.

दुसरं म्हणजे खाड्या. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते, लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात, गाडीसकट पलीकडे जाता येतं. नाहीतर दापोलीहून गुहागरला चिपळूणवरून वळसा मारावा लागतो, साठेक किलोमीटर जास्त, म्हणजे सहा लिटर आणि दीड-दोन तास. तवसाळ-जयगड पण तसंच. फक्त आपल्या गाडीची लांबी-उंची आधी फोन करून सांगा आणि भरती-ओहोटीचं विचारून घ्या, लांब गाडीचा मागचा भाग जेट्टीच्या उतारावर घासू शकतो.

रात्रीचा एसी, जो कोणी हिशेबात धरत नाही

गुहागरला एप्रिलची रात्र, वारा पडलेला, लहान मुलं घामाघूम. आम्ही जिथे गाडी लावली तिथे प्लग नव्हता, म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावला. रात्री ११ ते सकाळी ६. सकाळी काकांनी मला पुढे बोलावलं आणि काटा दाखवला, झोपताना अर्ध्याच्या थोडा वर होता तो आता स्पष्ट खाली आलेला. उभ्या गाडीत एसीसकट इंजिन तासाला लिटरभर, थोडं जास्तच पितं. सात तासांत आठ-नऊ लिटर. म्हणजे गाडी जागची हलली नाही आणि ८०-९० किलोमीटरचं डिझेल गेलं. दोन रात्री असं केलं तर १० रुपयांच्या दरवाढीपेक्षा जास्त पैसे नुसते वाळूवर उभे राहून गेले.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट, बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणं धोक्याचं आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. मला हे नंतर वाचून कळलं आणि अंगावर काटा आला. कृपा करून कोणी करू नका.

उपाय साधा आहे. कोकणात घरगुती राहायची सोय करणारी कितीतरी घरं आहेत, अंगणात गाडी लावू द्याल का आणि १५ अँपिअरचा प्लग मिळेल का एवढं बुकिंगच्या वेळी विचारा. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, रात्रीचे आठ युनिट, त्यांनी युनिटला २० रुपये लावले तरी १६० रुपये. वर जागेचे काय ते द्या, जेवण त्यांच्याकडे घ्या, त्यांचंही चार पैशांचं काम होतं.

पाणी कमी भरलं तर डिझेल वाचेल का?

आमच्याकडे यावर वाद झाला होता, टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, ते घाटात कशाला वर न्यायचं. मी हिशेब केला. साडेतीन टनांची गाडी ६०० मीटरचा घाट चढवायला नुसत्या उंचीसाठी दीड लिटरच्या वर डिझेल लागतं. त्यात १०० किलो पाण्याचा वाटा किती? ५० मिलीच्या आसपास, पाच रुपयेही नाहीत. पाणी खुशाल भरा, घरात म्हातारी माणसं आणि मुलं आहेत.

वेग मात्र बघा. कॅरॅव्हॅन म्हणजे वाऱ्यात धरलेलं कपाट आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चा वेग १०० केला की सव्वापट नाही, दीडपटीहून जास्त होतो. पुणे-कराड हायवेला ८० ने गेलात तर अर्धा तास उशीर होईल, पण अ‍ॅव्हरेजमधला फरक काट्यावर दिसतो.

आपली कारच स्वस्त नाही का?

चौघं असाल तर हो, सरळ हो. कार लिटरला १८ देते, हजार किलोमीटरला ५५-५६ लिटर, कॅरॅव्हॅनच्या जवळपास निम्मं. हॉटेल धरूनही कार बहुतेक वेळा स्वस्तच पडते, कॅरॅव्हॅन पैसे वाचवायला कोणी घेत नाही आणि घेऊ पण नये. पण माणसं सहा झाली आणि दोन कार काढाव्या लागल्या की १११ लिटर, म्हणजे इंधन कॅरॅव्हॅनपेक्षा थोडं जास्तच, वर दोन टोल आणि दोघांना गाडी चालवायची. आमच्या सासूबाईंना दर तासाला टॉयलेट लागतं, त्यांच्यासाठी गाडीतलं टॉयलेट ही चैन नाही. त्या चार वर्षांनी पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या या गाडीमुळे.

गोव्यात टाकी भरू, किंवा आधीच भरून ठेवू

गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा बरंच स्वस्त असतं हे खरं, पण कॅरॅव्हॅनला लागतं डिझेल आणि डिझेलमधला फरक थोडा असतो. लिटरला ३ रुपये वाचले असं धरा, ६० लिटरला १८०. त्यासाठी २० किलोमीटर वाकडी वाट केली तर २ लिटर म्हणजे १८४ रुपये गेले. रस्त्यातच असेल तर भरा, मुद्दाम जाऊ नका.

तसंच उद्या ८० पैसे वाढणार म्हणून रात्री पंपावर रांग लावण्याचं. ७० लिटरच्या टाकीला ५६ रुपये वाचतात. मुलांना जेवू घालून झोपवा.

बुक करताना काय विचारायचं

मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात, म्हणून नीट बघा. गाडी दोन पद्धतीने मिळते. एक आमच्यासारखी, किलोमीटरचा रेट, डिझेल त्यांचं, आणि दिवसाला २५० किंवा ३०० मिनिमम. दुसरी, दिवसाचं भाडं ठरलेलं आणि डिझेल आपलं, टाकी टू टाकी, म्हणजे फुल घ्यायची आणि फुल करून द्यायची.

एका जागी तीन रात्री राहणार असाल तर पहिली पद्धत घेऊ नका. पाच दिवसांत ६०० फिरलात तरी पैसे १,२५० चेच द्याल, मग रूट छोटा करून काय उपयोग, वाचलेलं डिझेल गाडीवाल्याचं वाचलं. तिथे दुसरी पद्धत घ्या. दरवाढ झाली तर तुमच्या अंगावर येईल, पण ६०० किलोमीटरला १० रुपयांची वाढ म्हणजे ६०० रुपये, ते परवडतं. उलट रोज ३०० किलोमीटर पळणार असाल तर पहिली बरी.

आणि पहिली घेतलीत तर बुकिंगच्या मेसेजमध्येच तीन गोष्टी लिहून घ्या. आजचा डिझेलचा दर किती धरलाय, वाढला तर फरक किलोमीटरला किती पैसे लागणार आणि तो फरक फिरलेल्या किलोमीटरवर की मिनिममवर. आणि खाली एक ओळ, दर कमी झाला तर तेवढेच पैसे कमी होतील. मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या ताईंनी ही ओळ लिहून घेतली होती. त्यांची गाडी २८ तारखेची, मधे २१ ला एक्साइज कमी झाली, आणि गाडीवाल्याने काहीही न बोलता बिलातून ७०० रुपये वजा केले.